कुसुमवहिनींचं पान

मेधाकाकूने घटस्फोटाचं नाव काढताच आजोबा कडाडले, "या घरातली सून मेल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही! आमच्या कुसुमवहिनीच बघ. बासष्ट साली वारल्या, अजून दर पितृपक्षात त्यांचं पान वाढतो आपण."

नात ऋचाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी वंशावळ करायचीच होती. ती उत्साहाने कुसुमवहिनींचा मृत्युदाखला काढायला गेली. बासष्टच्या नोंदींत त्यांचं नावच नाही! मग काय, पोरीने लग्नाच्या नोंदीही उपसल्या. वहिनी सापडल्या. चौसष्ट साली कर्वेनगरच्या एका मास्तरांशी दुसरं लग्न. मृत्यू थेट दोन हजार एकोणीसमध्ये, वय वर्षं ऐंशी.

कागद पाहून आजोबा बराच वेळ चष्माच पुसत बसले.

काकूने शांतपणे बॅग उचलली. "बाबा, यंदा पितृपक्षात माझंही पान वाढा हं."