उघडा नाका

बायनाबाईनं डोक्यावरचा सुपांचा भारा उघड्या नाक्यासमोर उतरवला आणि तिथंच ठाण मांडलं. आडवा दांडा आठ दिवसांपासून वरच होता. रस्ता मोकळा होता. तरी ती पुढं पाऊल टाकेना.

"जा ना वो बाई," पत्रू म्हणाला. "आता बांबूच्या मालाले पास लागत नाई."

"असं कोन म्हनते?"

"मी म्हनून राह्यलो ना!"

पत्रू आधीच वैतागलेला होता. एकोणीस वर्षं तो वनखात्याच्या या नाक्यावर रोजंदारीवर होता. पास पाहायचा, वहीत नोंद करायची, दांडा वर करायचा, हेच त्याचं आयुष्य. मग वर मुंबईत ठरलं, की बांबू धानासारखा विकावा, कुणाच्या परवानगीची गरज नाही. ठरलं ते चांगलंच ठरलं. एका पासापायी बुरडांनी मारलेल्या चकरा त्यानं डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण ज्या नाक्यावर काम उरणार नाही तो बंद, हेही त्याच हुकमात होतं. शिवरात्रीनंतर रेंजर मॅडम पाहणीला येणार होत्या. हे कळल्यापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसला की उठावंसं वाटे, उठला की कुठं जावं ते कळेना. पंचावन्न वर्षांच्या माणसाला आता कोण कामावर घेतो? बायकोला तर त्यानं अजून काही सांगितलंही नव्हतं.

खुशाल मात्र हवेत होता. त्याचा बांबूचा टेम्पो. हुकूम निघाला त्याच दिवशी त्यानं नाक्यापाशी मुद्दाम वेग कमी करून भाषण ठोकलं होतं, "पत्रूभाऊ, सरकारनं फक्त मधातून उठाव! माल आपला रस्ता आपनच शोधते, अन् भाव बी आपनच ठरवते!" आणि पत्रूच्या अंगावर धूर सोडून तो निघून गेला होता.

बायनाबाईला भाषणाशी घेणंदेणं नव्हतं. तिला शिवरात्रीला भरणारी मार्कंड्याची जत्रा गाठायची होती. तीन वर्षांमागं पुढच्या नाक्यावर तिची चाळीस सुपं जप्त झाली होती, आणि जत्रा संपल्यावर परत मिळाली होती. जत्रा झाल्यावर सुपांचं काय करायचं, डोकं पाखडायचं?

"पुढच्या नाक्यावर अडवलं तं?" ती म्हणाली. "मले एक कागद लिहून दे गा भाऊ."

"कशाचा?"

"पास लागत नाई, असा. अन् त्याच्यावर शिक्का मार."

पत्रूला हसू फुटलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. त्यानं वहीचं पान फाडलं, तिचं नाव लिहिलं, मालाला पास लागत नाही असं लिहिलं, शिक्का मारला. बाईनं तो कागद पदराच्या गाठीत बांधला आणि भारा उचलून ती चालू लागली. बिचारीची भीती गेली, आपलं काय गेलं, असं म्हणत तो खुर्चीत टेकला. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाराजण दारात उभे. पुढच्या नाक्यावरच्या शिपायानं बायनाबाईचा कागद पाहून तिला मुकाट्यानं सोडलं होतं, आणि ही बातमी गावोगाव झाली होती. टोपल्यावाले आले, ताट्यावाले आले. पत्रूनं टेबल बाहेर काढलं. लोक ढकलाढकली करू लागले तेव्हा दोरी बांधली. तिसऱ्या दिवशी रांगेत खुशाल दिसला.

"तू काऊन इथी?" पत्रूनं विचारलं. "तुले तं सरकार मधात नको होतं."

"मोकळा बाजार आपल्या जागी, भाऊ, अन् पुढचा शिपाई आपल्या जागी," खुशाल खाली मान घालून म्हणाला. "दे लिहून."

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी रेंजर मॅडम आल्या. जत्रा अजून भरात होती, रांग पार वळणापर्यंत गेली होती. मॅडमनी टेबलावरचा एक कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला.

"पास लागत नाही, याचा पास?"

"हो, मॅडम," पत्रू चाचरत म्हणाला. "लोकायले भेव लागते ना. कागदाशिवाय पाऊल उचलत नाई."

मॅडमनी रांगेवरून शेवटपर्यंत नजर फिरवली. "मी नाका बंद करायचं पत्र घेऊन आले होते," त्या म्हणाल्या. "पण काम नसेल तर बंद, असं आहे त्यात. इथं तर काम आहे."

तेवढ्यात बायनाबाई पुढं आली. पहिली सुपं खपली होती, दुसरा भारा डोक्यावर होता. ओझ्यानं मान ताठली होती. तिनं एका हातानं पदराची गाठ सोडली आणि घामानं ओला झालेला तोच कागद पुढं केला. "हाच चालते ना गा, भाऊ? का पुन्हा रांगेत लागू?"

मॅडमनी पत्रूकडे पाहिलं. "काय रे, मुदत किती याची?"

पत्रूनं कागद हातात घेतला. अक्षर त्याचंच होतं. मुदत त्यानं कुठंच लिहिली नव्हती, तेव्हा तसं काही मनातही आलं नव्हतं. कायमचा म्हटलं, तर दहा दिवसांत सगळ्यांच्या गाठीला कागद असणार आणि इथं चिटपाखरूही फिरकणार नाही. बायनाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"एका दिवसाची, मॅडम," पत्रू म्हणाला.