शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी

“थांबवा, बाई. इथेच थांबवा.”

ग्रंथपालबाईंनी बटण दाबलं. पडद्यावरचं कॉलेजचं कँटीन जागच्या जागी थांबलं. नायक टेबलावर चढला होता, नायिका तोंड फिरवून बसली होती. खुर्चीतले म्हातारे गृहस्थ त्या दोघांकडे बघतच नव्हते. ते उठून पडद्यापाशी गेले आणि उजव्या कोपऱ्यातल्या घोळक्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

“ही ती नव्हे,” ते म्हणाले. “चालू द्या.”

वाचनालयाच्या तळघरातली ही चित्रपटांची खोली. एक पडदा, बारा खुर्च्या आणि कपाटभर जुन्या सीड्या. एके काळी इथे नंबर लागायचे. आता ज्याच्या त्याच्या खिशात सिनेमा आहे, त्यामुळे खाली कोणी फिरकत नाही. बाई सीड्या पुसतात. शेवटची पुसून झाली की पुन्हा पहिली घेतात. घरीही वेगळं काही नाही. मुलगा शिकायला लांब गेला आणि तिथलाच झाला. त्याचा फोन येतो तेव्हा तो काहीतरी खात असतो, आणि खाणं संपलं की फोनही संपतो.

हे गृहस्थ मात्र दोन वर्षं दर गुरुवारी दुपारी न चुकता येत होते. बघायचे ते फक्त कॉलेजचे सिनेमे. वसतिगृह, निवडणुका, स्नेहसंमेलन, निरोप समारंभ. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी त्यांचं नाव ‘प्रोफेसर’ पाडलं होतं. बाईंनाही आधी तसंच काहीतरी वाटलं होतं. एकदा त्यांनी विचारलंच.

“तुमचं कॉलेज कुठलं?”

“सगळीच,” ते म्हणाले. “एकवीस वर्षं कॉलेजात काढली, बाई. एकदाही पास झालो नाही.”

मग स्वतःच हसले. सातवीत शाळा सुटली होती, पण चेहरा कोवळा होता. कॉलेजचा सिनेमा निघाला की त्यांना रोजावर बोलावणं यायचं. गर्दीत उभं राहायचं, वर्गात शेवटच्या बाकावर बसायचं, नायकाच्या विनोदाला हसायचं. हातात वही असायची, तीही कोरी.

त्यांच्या पुढे दोन बाकं सोडून एक मुलगी बसायची. तीही रोजावरच. चौदा सिनेमे दोघं एकाच वर्गात होते. शेवटच्या सिनेमाच्या वेळी, परीक्षेच्या प्रसंगाआधी, चहाच्या रांगेत त्यांनी तिला लग्नाचं विचारलं. ती लाजली. तेव्हा ते म्हणाले, “तोंडानं नको सांगूस. शॉट चालू झाला की मागे वळून बघ. मी समजेन.”

“मग? वळली?” बाईंनी विचारलं होतं.

“काय माहीत! शॉट सुरू व्हायच्या क्षणी दिग्दर्शकाच्या साहाय्यकानं मला उठवून दाराबाहेर काढलं. माझ्या डोक्याची सावली भिंतीवर पडत होती म्हणे. आत येईपर्यंत तिला घ्यायला घरचे आले होते. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नंतर कळलं, गावच सोडलं त्यांनी.”

तो सिनेमा तीन दिवसांत पडद्यावरून उतरला. त्या तीन दिवसांत प्रोफेसर दुसऱ्या गावी दुसऱ्या कॉलेजात होते. लग्न त्यांनी केलं नाही. कारण कधी सांगितलं नाही, बाईंनीही विचारलं नाही.

बाईंनी सिनेमाचं नाव लिहून घेतलं होतं. ठिकठिकाणच्या संग्रहालयांना पत्रं घातली होती, आणि ही पत्रं वाचनालयाच्या कारकुनाकडे न देता त्या स्वतः टपालात टाकून येत. सिनेमा मिळेपर्यंत त्या दुसरे सिनेमे लावायच्या. तिचा चेहरा कुठे ओझरता दिसला तरी प्रोफेसरांचा आठवडा बरा जायचा.

आज शेवटची पाटी आली तरी ती दिसली नाही. बाईंनी दिवा लावला आणि थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला.

“पत्राचं काही?”

“अजून नाही,” बाई म्हणाल्या.

प्रोफेसरांनी कप घेताना जरा चाचपडल्यासारखं केलं. “डॉक्टरांकडे गेलो होतो. काचबिंदू आहे. कडेचं दिसेनासं होत चाललंय. समोरचं अजून वर्षभर टिकेल म्हणाले.” मग ते हसले. “आमची सगळी हयात कडेला गेली आणि आता नेमकं तेवढंच जातंय बघा.”

बाईंना हसता आलं नाही. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

“समजा, सिनेमा मिळाला. मग काय कराल?”

“वळली असेल तर तिला शोधायला निघेन. असेल तिथे जाईन, तिच्या नातवंडांना खाऊ देईन आणि तिला सांगेन की मी पळून गेलो नव्हतो.”

“आणि वळली नसेल तर?”

“मग घरी बसेन गुपचूप. कसंही झालं तरी तुमचे गुरुवार सुटले.”

“माझं काय जातं,” बाई म्हणाल्या. “चहा घ्या, गार होतोय.”

ते उठले. जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी पायानं चाचपत वर गेले. वरून त्यांचा आवाज आला, “पुढच्या गुरुवारी येतो, बाई.”

“या. तोवर उत्तर येईलच.”

पावलं वाजायची थांबल्यावर बाईंनी दाराला आतून कडी घातली. अकरा महिन्यांपूर्वी टपालानं आलेली सीडी पर्समधून काढून त्यांनी यंत्रात सरकवली आणि प्रोफेसरांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. परीक्षेचा वर्ग आला. सगळी मुलं माना खाली घालून लिहीत होती. फक्त दोन वेण्यांची एक मुलगी मागच्या रिकाम्या बाकाकडे वळून वळून बघत होती.