धक्क्यावरचा दोरखंड

साहेब, माझ्या भावाला तुम्ही शोधलंच नाहीत. कंपनीच्या बाकी बोटी वादळातून परतल्या, त्याची टगबोट परतली नाही, आणि आठवडाभरात तुम्ही शोध गुंडाळून तिची धक्क्यावरची जागा दुसऱ्या बोटीला दिलीत.

तिचा दोरखंड मात्र अजून खुंटाला आहे, दुसरं टोक नुसतं पाण्यात लोंबतंय. पण ओहोटी लागली की तो ताठ होतो, बोट बांधलेली असावी तसा. मी थोडी ढील दिली की सैल पडतो.

हे सांगितलं तर धक्क्यावरचा मुकादम हसला. "अरे, मासा लागला असेल. घरी बायकोला सांग, चूल पेटव."

मग त्यानेच दोर वर ओढला. टोक मोकळं होतं. त्याने ते परत पाण्यात टाकलं आणि दोर त्याच्या हातातच ताठ झाला. तेव्हापासून मुकादम तिकडे फिरकत नाही.

आज भर दुपारी तुमचा निरोप आला, दोर कापून टाक.

इंजिनांच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून आम्ही भाऊ दोराला हिसके देऊन बोलायचो. एक हिसका म्हणजे सोड. दोन म्हणजे धरून ठेव.

मी सुरी टेकवली आणि दोन हिसके बसले. सुरी बाजूला ठेवली, परत दोन. आता ते थांबतच नाहीत.

मी कापणार नाही. तुम्ही खाली या, हा दोर स्वतःच्या हातात धरा आणि मग सांगा, शोध कशासाठी थांबवलात?