यादीतली माशांची टाकी

"आईसाठीच तर बसवलंय सगळं," दादा जमलेल्या पाहुण्यांना छाती फुगवून सांगत होता. छतावर सोलर पॅनल, जिन्याखाली कपाटाएवढी बॅटरी. दुपारी दोनला नेहमीप्रमाणे वीज गेली, पण दिवाणखान्यातला पंखासुद्धा अडखळला नाही. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या खोलीत आईच्या ऑक्सिजन मशीनचा भोंगा वाजला. धाकटी बहीण धावली. आई तोंड उघडून धापा टाकत होती. "हिचं मशीन बॅटरीवर का नाही?" ती पाठोपाठ आलेल्या वायरमनवर कडाडली. "ताई, लिहून दिलं तेवढंच जोडलं मी," म्हणत त्याने दादाच्या हातची यादी पुढे केली. दिवाणखान्यातला पंखा, टीव्ही, एसी, फ्रिज, माशांची टाकी. आईच्या खोलीचा पत्ताच नव्हता. बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीनला लांब एक्स्टेन्शन जोडून तिने दिवाणखाना गाठला, टाकीचा प्लग उपटला आणि हातातला खुपसला. दादा चारचौघांत ओरडला, "अगं, मासे गुदमरतील!"