तीन आठवड्यांची नोटीस

"नाव बदला, कोच," एमेट ह्रुस्का म्हणाला. "असल्या नावाच्या कंपनीकडे कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही."

"नाव तेच राहील," व्हर्ना कुबिचेक म्हणाल्या.

टेबलावर अर्ज पडला होता. कंपनीच्या नावाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : 'ती ढोंग करत नव्हती' कोचिंग, एलएलसी.

एमेट हा गावातला एकुलता एक वकील. व्हर्नांनी शाळेच्या मुलींना एकतीस वर्षं व्हॉलीबॉल शिकवला होता, त्यामुळे गावचे पाद्रीही त्यांना कोचच म्हणत. एमेटने त्यांच्या कवायतीच्या तासाला उठाबशा काढलेल्या. तो आता पंचेचाळिशीचा होता, तरी त्यांच्यासमोर खुर्चीत ताठ बसायचा.

"शिकवणार कुणाला?"

"आईबापांना. पोरगी दुखतंय म्हणाली, तर ऐकून कसं घ्यायचं ते."

 नावाचा उगम एमेटला ठाऊक होता, साऱ्या गावाला ठाऊक होता. अकरा वर्षांपूर्वी राज्य अजिंक्यपदाचा अंतिम सामना होता. व्हर्नांची लेक लेनोरा संघाची कर्णधार होती. तिसऱ्या डावात ती गुडघा धरून खाली बसली. "ढोंग करतेय! ऊठ!" कोच भर मैदानात ओरडल्या. लेनोरा उठली. सामना जिंकला, गुडघा मात्र कायमचा गेला, आणि त्याबरोबर विद्यापीठाची शिष्यवृत्तीही. त्या उन्हाळ्यात ती घर सोडून गेली. आईचा फोन ती उचलत नव्हती. पत्रं न उघडताच परत येत. ती कुठे असते हे कोच सांगत नसत, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांत बसून एमेटही "ऊठ, ऊठ" ओरडला होता. आठवलं की आजही त्याला स्वतःची लाज वाटे.

"बरं, ऑफिस कुठे दाखवायचं? घरचाच पत्ता टाकू?"

"मिलडेल. तिथे धान्याच्या दुकानावर एक खोली घेतलीय भाड्याने."

"मिलडेल? कोच, ते चाळीस मैल लांब आहे! तिथे गायी जास्त नि माणसं कमी."

"तिथे माझं काम आहे."

एमेटने हात टेकले. पूर्वीही या बाईशी वाद घालून कुणी जिंकलं नव्हतं.

"मग नोटीसही तिथल्याच पेपरात द्यावी लागेल. नवी कंपनी काढली की तीन आठवडे ओळीने नोटीस छापायची, असा आपल्याकडे कायदाच आहे. मग पेपरवाले छापल्याचं शपथपत्र देतात. ते मी राजधानीला पाठवलं की झालं."

"संपूर्ण नाव छापतात ना? कंपनीचं आणि माझंही?"

"सगळं छापतात. पण त्यातून गिऱ्हाईक मिळेल अशी आशा धरू नका. ती पानं छापणाऱ्याशिवाय कुणी वाचत नाही."

"चालेल," कोच म्हणाल्या. "आणखी एक. नावापुढचं हे एलएलसी, मर्यादित जबाबदारी, म्हणजे काय रे?"

"उद्या कुणी कंपनीवर दावा लावला, तर तुमच्या घराला धक्का लागायचा नाही. जबाबदारी कंपनीपुरतीच."

"तेवढा शब्द नसता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या आणि सही केली. जाताना जर्दाळू भरलेल्या घरच्या कोलाचे पावांचा डबा त्याच्या टेबलावर ठेवून गेल्या.

अर्ज मंजूर झाला. नोटीस मिलडेलला गेल्यावर दोन दिवसांनी तिथल्या पेपरातून फोन आला. पलीकडच्या बाईने कोरड्या आवाजात कंपनीचं नाव वाचून दाखवलं. "हे असंच छापायचं? चूक तर नाही ना?"

"चूक नाही. बाईंनी विचार करूनच दिलंय."

बाईने ते नाव पुन्हा एकदा, सावकाश वाचलं. 

"तीन आठवडे ना?" बाईने विचारलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कोच आल्या तेव्हा एमेट म्हणाला, "पेपरातून फोन आला होता, नावाची खात्री करायला."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? नाव विचित्र आहे, एवढंच असणार मनात."

कोच पर्सची चेन उघडत, लावत, पुन्हा उघडत राहिल्या.   धंद्याची एवढी धास्ती घ्यायचं हे वय आहे का, असं एमेटच्या मनात आलं. त्याला त्यांची कीव आली.

तीन आठवडे उलटले. शपथपत्र आलं नाही. कोच रोज सकाळी येत, दारातूनच विचारत, आणि एमेटने नकारार्थी मान हलवली की परत जात. चौथ्या आठवड्याच्या शुक्रवारी जाडसर पाकीट आलं. त्या समोर बसल्यावरच एमेटने ते फोडलं.

"या लोकांचा काहीतरी घोळ झालाय," कात्रणं मोजत तो म्हणाला. "कायद्याला तीन लागतात, आपण सांगितलं तीन, आणि इथे चार आहेत. कालच्या अंकातसुद्धा छापलीय. थांबा, फोन लावतो."

"नको लावूस." कोचनी फोनवर हात ठेवला. "सही कुणाची आहे ते वाच."

एमेटने चष्मा लावला आणि शपथपत्राची शेवटची ओळ मोठ्याने वाचली.

"ही नोटीस मी स्वतः जुळवली, शब्दन्‌शब्द वाचली आणि चार वेळा छापली, असं मी शपथेवर सांगते. लेनोरा कुबिचेक, नोटीस विभाग."