मनोऱ्याला टेकू

पिसाच्या कलत्या मनोऱ्यासमोर सगळे हवेत तळहात रोवून उभे होते. फोटोत मनोऱ्याला टेकू दिल्यासारखं दिसतं.

"बाबा, तुम्हीही करा ना," मी मोबाइल रोखत म्हटलं आणि जीभ चावली. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात छातीच्या वर गेलाच नव्हता. घरी व्यायामाचं नाव काढलं, की ते आईवर खेकसायचे.

"काहीतरी खुळचटपणा!" बाबा पुटपुटले. पण शेजारच्या जपानी आजोबांचं बघून त्यांनीही हात उचलला. थरथरत, हळूहळू तो उजवा हात खांद्याच्याही वर गेला.

"झाला का फोटो? हात भरून आला." त्यांचं लक्ष मनोऱ्याकडेच होतं.

मी काही बोलणार, तोच आईनं माझं मनगट दाबलं. डोळे पुसत ती ओरडली, "अहो, सोडू नका हं! पडेल तो!"