चाळीस फुटांवर थांबलेली विहीर

"पंधरा फूट उतरलं पाणी!" मोजपट्टी वर ओढत प्राची म्हणाली, आणि सगळ्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

पंप सुरू होऊन जेमतेम तीन तास झाले होते. आजच्या चाचणीत विहीर नापास झाली, की डोणगावजवळच्या या खेड्याची नळयोजना गेलीच म्हणायची. पुन्हा टँकर, पुन्हा हंड्यांवरून भांडणं!

सरपंच सत्यभामाबाईंनी राग नेहमीच्या माणसावर काढला. अठरा वर्षांपूर्वी ही विहीर खोदणारा म्हातारा गुलाम रसूल काठाशी बसला होता. "पाहा रसूलभाऊ, काय जागा दाखवली तुम्ही!" तो मान खाली घालून ऐकत राहिला. या विहिरीनंतर गावात कुणी त्याला खोदकामाला बोलावलंच नव्हतं.

प्राची भूजल खात्याची. पोरगी मोठी चिवट. ती साठ पावलांवरच्या भगवंतरावांच्या विहिरीकडे गेली. ती विहीर ऐंशी फूट, मुरूम संपून काळा दगड लागेपर्यंत खोदलेली. तिथलं पाणी किती उतरावं? फक्त चार बोटं! तिने पुन्हा मोजलं. चारच. मग ती जवळजवळ पळतच परत आली.

"मावशी, जागा अगदी बरोबर आहे! पाणी धरणारा मुरूम ऐंशी फुटांपर्यंत आहे आणि तुमची विहीर चाळीसवरच थांबली. खालच्या पाण्याला वळसा घेऊन वर चढावं लागतं, म्हणून इथेच पातळी इतकी घसरते. वळशाचा तो परिणाम लांबच्या विहिरीपर्यंत पोचत नाही. जमिनीतल्या पाण्याची खरी ताकद तिथे दिसते."

"म्हंजे पास का नापास?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"आणखी खोदलीत तर पास. तसंच लिहिते मी." मग ती गुलाम रसूलकडे वळली. "चाचा, मुरूम लागतच होता ना? मग थांबलात का?"

म्हातारा चाचरला. "चुकलं बाई. मले वाटलं, एवढं पुरे."

"खोटं काऊन बोलता हो?" सत्यभामाबाई एकदम ओरडल्या. त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटत होती. "पाणी लागलं त्या दिवशी म्या देवी समजून विहिरीची ओटी भरली. ओटी भरल्यावर आत कुदळ घालायची नाही, असं म्याच म्हणलं. हे रसूलभाऊ हात जोडून सांगत होते, अजून खोदू द्या. अन् पाणी कमी पडलं तवा म्या रसूलभाऊचंच नाव खराब केलं!"



"जाऊ द्या बाई," गुलाम रसूल पुटपुटला. "देवीचं काम होतं."

"काऊन जाऊ द्यायचं? उद्यापासून खोदा. देवीची माफी मंग मांगीन मी. पयले तुमची मांगतो, साऱ्या गावासमोर."